भाड्याच्या मशिनींवरचा ४जी टेलिमेट्री डबा: नागपूरच्या दोन उन्हाळ्यांनंतर

माझ्या कार्डावर 'मोबाईल टेलिमेट्री इंजिनिअर' असं छापलंय. मोबाईल म्हणजे फिरता, मशीन जिथं असेल तिथं जाणारा. पण साइटवर एवढं कोण वाचतो? पहिल्याच आठवड्यात बुटीबोरीच्या एका शेडमध्ये हायड्रा क्रेनच्या ऑपरेटरनं कार्ड पाहिलं आणि खिशातला फोन काढून माझ्या हातात ठेवला. "भाऊ, याचा आवाज नाई येऊन राहिला, पाहा बरं." स्पीकरच्या जाळीत ग्रीस भरलं होतं. ते काढून दिलं. या नोकरीच्या आधी मी आठ वर्षं बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोबाईल दुरुस्तीचं काउंटर चालवलंय, त्यामुळं कार्डाचा त्यानं काढलेला अर्थ अगदीच चुकीचा नव्हता. तेव्हापासून बॅगेत एक मऊ ब्रश जास्तीचा ठेवतो. ऑपरेटरचा फोन नीट झाला की तो मशीनची खरी हकिगत सांगतो, आणि खरी हकिगत कळल्याशिवाय माझं काम होत नाही.

काम काय, तर आमची फर्म मशिनी भाड्यानं देते. जेसीबी, पोकलेन, हायड्रा, कॉम्प्रेसर, लाइट टॉवर आणि १५ पासून ५०० केव्हीएपर्यंतचे डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. प्रत्येक मशीनवर एक डबा बसवायचा. मशीन कुठं आहे, किती तास चालली, डिझेल किती उरलंय, हे तो ऑफिसच्या स्क्रीनवर पाठवतो. डबा गप्प झाला की मी मोटरसायकलला किक मारायची. आज कळमेश्वर, उद्या उमरेड, परवा मौदा.

ज्यांच्याकडे चार-पाच मशिनी आहेत असे बरेच मालक फोन करून विचारतात, "भाऊ, कोणता डबा घेऊ?" प्रत्येकाला तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून हे लिहून काढतोय. आम्ही एकाच प्रकारचे सत्तरच्या वर डबे दोन उन्हाळे वापरले. त्याबद्दलचं हे मत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढं तक्रारी येणार आहेत. दुसरं म्हणजे, मी तीन वेगवेगळ्या नावांचे डबे उघडून पाहिलेत आणि तिन्हींत आत एकच बोर्ड निघालाय. स्टिकर बदलतं. तेव्हा नावापेक्षा काय पाहून घ्यायचं, ते महत्त्वाचं.

डबा साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. ४जीवर चालतो, ४जी नसेल तर २जीवर उतरतो. ९ ते ३६ व्होल्टपर्यंत काहीही द्या, म्हणजे १२ व्होल्टचा जेसीबी असो की २४ व्होल्टचा पोकलेन, एकच डबा दोन्हीकडे चालतो. इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायला एक कॅन पोर्ट, डीजीच्या कंट्रोलरशी बोलायला एक आरएस-४८५, दोन डिजिटल इनपुट, एक अॅनालॉग. सोबत वायरिंगचा गुच्छ, १३ आकडी नंबरचं एम२एम (मशीननं मशीनशी बोलायचं) सिम आणि डिझेल मोजायचा एक अॅल्युमिनियमचा दांडा. आम्हाला वर्षभराच्या डेटासकट एक संच साडेनऊ हजाराला पडला. दांडा सोडला तर ही किंमत वाजवी वाटते. दांड्याबद्दल पुढं बोलू, तिथं माझं रक्त आटलंय.

आधी उन्हाचं. नागपुरात मे महिन्यात मी कामाला पहाटे साडेपाचला निघतो, सहा ते दहा बसवणी करतो आणि मग सावली शोधतो. हा शहाणपणा पहिल्या उन्हाळ्यात हाताला फोड आल्यावर सुचला. मध्ये कुठं तरी टपरीवर तर्री पोहे, वरून जास्तीची तर्री. तेवढं दुपारपर्यंत पुरतं. दुपारी तीनला उन्हात उभ्या जेसीबीच्या टपावर इन्फ्रारेड गन धरली तर ६८ अंश आले. डबा त्याच टपाखाली. आता डब्याच्या आत एक छोटी लिथियम बॅटरी असते, कोणी मेन वायर तोडली तरी तासभर ठावठिकाणा सांगत राहावा म्हणून. साध्या लिथियम-आयन सेलला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हे मोबाईलच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. आमच्याकडं ४५ तर नुसती बाहेरची हवाच असते.

पहिल्या उन्हाळ्यात सत्तरपैकी अकरा डब्यांची बॅटरी फुगली. दोघांची तर झाकणं उचलली गेली आणि पहिल्या पावसात पाणी आत. आयपी-६७, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, असं लिहिलेलं असतं ना, ते झाकण बंद असेपर्यंतच. कंपनीचं म्हणणं पडलं, "सर, डबा ८५ अंशांपर्यंत टेस्टेड आहे." बोर्ड असेल हो. पण त्याच बोर्डाच्या पाठीला चिकटवलेला सेल ८५ चा आहे का? यावर पलीकडून मेल आलाच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मी दोन गोष्टी केल्या. डबा टपाखालून काढून सीटमागच्या खालच्या पत्र्यावर नेला, आणि नव्या खेपेत निकेल-मेटल हायड्राइड सेलवाला प्रकार मागितला. तो बॅकअप कमी देतो, पण त्या उन्हाळ्यात एकही फुगला नाही. विकत घेताना हा एकच प्रश्न विचारलात तरी अर्धी लढाई जिंकली समजा: आत बॅटरी कोणती, आणि ती किती अंशांपर्यंत चार्ज होते.

डबा खाली नेला की जीपीएसचा त्रास. अँटेनाच्या चौकोनी चिनी मातीच्या तुकड्याला वर आकाश दिसलं पाहिजे, वर पत्रा नको. डीजीच्या कॅनोपीत तर सगळीकडं पत्राच. मग बाहेरची अँटेना, तिची वायर, त्या वायरीसाठी रबरी ग्रोमेट. ग्रोमेट न लावता पत्र्याच्या भोकातून वायर नेली तर दोन महिन्यांत मशीनच्या थरथरीनं ती कापली जाते. हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

आता तासांचं. भाड्याच्या धंद्यात सगळं भांडण तासांवर येऊन थांबतं. आमच्या करारात महिन्याला २५० तास धरलेले असतात, त्यावरच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे. पूर्वी ऑपरेटर लॉगशीट भरायचा, साइटचा सुपरवायझर सही करायचा आणि महिन्याअखेर दोन्हीकडचे आकडे जुळायचे नाहीत. डबा घेतला तो या कटकटीसाठी. आणि पहिल्याच महिन्यात डब्यानंच कटकट केली.

आउटर रिंग रोडवरच्या एका कामावर आमचा जेसीबी होता. डबा म्हणाला २८१ तास. गिऱ्हाइकाच्या शीटवर २५०. आम्ही ३१ तासांचं जास्तीचं बिल लावलं. गिऱ्हाईक फोनवर इतकं भडकलं, की शेठनं मलाच पाठवलं, "जा, त्याला स्क्रीन दाखव." मी गेलो. दुपारची वेळ, काम बंद, ऑपरेटर केबिनमध्ये बसलेला. चावी ऑन. केबिनचा छोटा पंखा फिरून राहिला होता, फोन चार्जिंगला, त्यावर क्रिकेट. इंजिन बंद. मी तिथंच कपाळावर हात मारला. मी डब्याची इग्निशनची वायर चावीच्या पंधरा नंबरच्या लाइनला जोडली होती, कंपनीच्या पुस्तकात दाखवलंय तशीच. चावी ऑन म्हणजे मशीन चालू, असं डब्याला वाटत होतं. त्या ३१ तासांत ऑपरेटरनं जेवण केलं होतं, मॅच पाहिली होती आणि उन्हापासून जीव वाचवला होता. गिऱ्हाईक खरं बोलत होतं. बिल मागं घेतलं.

उपाय साधा आहे, फक्त पुस्तकात नाही. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरच्या मागं डब्ल्यू लिहिलेलं एक टर्मिनल असतं. इंजिन फिरलं तरच त्यावर पल्स येतात, चावी कितीही वेळ ऑन ठेवा. तिथून वायर घेतली की तास खरे येतात आणि वर आरपीएमचा अंदाजही मिळतो, म्हणजे मशीन नुसती गुरगुरत उभी होती की काम करत होती हेही कळतं. ज्या आल्टरनेटरला डब्ल्यू नसेल तिथं ऑइल प्रेशरच्या स्विचवरून घेता येतं.

काही डबे वायरशिवाय, नुसत्या व्होल्टेजवरून इंजिन ओळखतात. बॅटरी १२.६ वर असेल तर बंद, १३.५ च्या वर गेली तर आल्टरनेटर चार्ज करतोय, म्हणजे चालू. जेसीबीला हे बऱ्यापैकी चालतं. पण डीजीला? कोराडी रोडच्या एका लग्नाच्या लॉनवर आमचा १२५ केव्हीए स्टँडबायला होता. स्क्रीनवर दिसलं, डीजी सलग अकरा दिवस, रोज २४ तास चालला. शेठ खूश. मी म्हटलं, शेठजी, इतका वेळ चालला असता तर तिथले वऱ्हाडी बहिरे होऊन घरी गेले असते. जाऊन पाहिलं तर एएमएफ पॅनलमध्ये, म्हणजे लाइट गेली की डीजी आपोआप सुरू करणाऱ्या पॅनलमध्ये, बॅटरी चार्जर होता, महावितरणच्या लाइनवर चालणारा. स्टँडबाय डीजीची बॅटरी सदा भरलेली राहावी म्हणून तो लावतातच. त्यामुळं व्होल्टेज चोवीस तास १३.५ वर. खरे तास होते सहा.

म्हणून डीजीवर मी आता अंदाजाच्या भानगडीत पडतच नाही. कंट्रोलरला आरएस-४८५ असेल तर मॉडबस या मशिनींच्या भाषेतून थेट त्याचेच तास, व्होल्ट, किलोवॅट वाचतो. आणि १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी ४ प्लस या धुराच्या नियमांचे जे डीजी आलेत, त्यातल्या बहुतेकांना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर असतो, त्यावर जे१९३९, म्हणजे कॅनवरची इंजिनांची भाषा मिळते. तिथं इंजिन स्वतःच सांगतं किती तास झाले. आमच्या डब्याचा कॅन पोर्ट इथं खरोखर चांगला निघाला, याचे पूर्ण गुण देतो. एकच काळजी: जोडायच्या आधी मशीनचा वीजपुरवठा बंद करून कॅनच्या दोन वायरींत, कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये, मल्टिमीटरनं ओहम बघा. ६० च्या आसपास आले पाहिजेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० दिसले तर एक टोक सुटलंय, ४० दिसले तर कोणी तरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. आमच्या डब्यात एक १२० चा आतून जोडूनच येतो आणि तो काढायचा जंपर झाकणाखाली लपवलाय. पुस्तकात एका ओळीत, तीही शेवटच्या पानावर. मला कळलं तेव्हा एका डीजीचा कंट्रोलर मध्येच 'ईसीयू फेल' ओरडून तीनदा बंद पडला होता. मशीन नवीन असेल तर वायर कापूच नका. वरून चिमट्यासारखी बसणारी क्लिप मिळते, वायरीला भोक न पाडता डेटा ऐकते. वॉरंटीवाल्याला बोट दाखवायला जागा राहत नाही.

आता दांडा.

हा कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. नळीत नळी, मध्ये डिझेल चढतं, जितकं चढेल तितकी कपॅसिटन्स वाढते. टाकीच्या उंचीइतका कापायचा, खालची टोपी बसवायची आणि मग कॅलिब्रेशन. कंपनीचा माणूस म्हणाला होता, "सर, एक तासाचं काम." २५० लिटरची टाकी रिकामी करायची, डिझेल ड्रममध्ये काढायचं, मग २०-२० लिटर टाकत प्रत्येक वेळी रीडिंग लिहायचं, कारण टाकी सरळ डब्यासारखी नसते. कुठं खाच, कुठं इंजिनच्या बाजूनं आत घेतलेली. बारा-तेरा रीडिंग होतात. माझा अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ मशीन गिऱ्हाइकाच्या कामातून बाहेर. सत्तर मशिनींचं गणित तुम्हीच करा.

एवढं करूनही विश्वास ठेवायची सोय नाही. कपॅसिटन्स किती वाढणार हे ठरवणारा डायइलेक्ट्रिक काँस्टंट डिझेलचा दोनच्या आसपास, पाण्याचा ८० च्या आसपास. म्हणजे टाकीच्या तळाशी थोडं पाणी साचलं की दांड्याला वाटतं डिझेलच डिझेल आहे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असलं की झालं. एका रिसेप्शनला स्क्रीनवर ४० टक्के दिसत होतं, टाकीत मात्र डिझेल तळाला. रात्री नऊला अंधार. नवरा-नवरी स्टेजवर, पुढं पाहुण्यांची रांग, आणि हजारभर लोक मोबाईलचे टॉर्च लावून उभे. तिथल्या मॅनेजरनं मला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे: लग्नाच्या डीजीचं डिझेल काठी बुडवून पाहायचं. लाकडी काठी, तिच्यावर खुणा. ती कधी हँग होत नाही.

पण ज्या गोष्टीसाठी मी या दांड्याला शून्य देतो ती वेगळी आहे. हिंगण्याकडच्या एका साइटवरून संध्याकाळी 'डिझेल चोरी, ४५ लिटर' असा लाल अलर्ट आला. शेठच्या फोनवर थेट. शेठनं ऑपरेटरला फोन लावला आणि विचारपूस न करता सुनावलं, पगारातून कापायचं ठरवूनही टाकलं. हा माणूस गोंदियाकडचा, आमच्याकडं सहा वर्षं. मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "भाऊ, मी डिझेल कायले काढू? तुमचा डबा पाहून घ्या ना." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्यानं मशीन उतारावर लावली होती, कारण सपाट जागेवर कोणी तरी सळया टाकल्या होत्या. टाकी तिरकी, डिझेल एका कोपऱ्यात, दांडा दुसऱ्या कोपऱ्यात. मशीन सपाट जागेवर आणली, दहा मिनिटं थांबलो. ४५ लिटर परत आले. मी व्हिडिओ काढून शेठला पाठवला. शेठनं पगार कापला नाही, पण त्या माणसाची माफी मागितली असंही झालं नाही. तो तीन महिन्यांनी दुसरीकडं गेला. चांगला ऑपरेटर होता, पोकलेनच्या बकेटनं पाण्याची बाटली उभी करायचा.

आणि खरी चोरी? ती या दांड्याला दिसतच नाही. खरा खेळाडू टाकीतून नळी लावून काढत नाही, तो इंजिन चालू असताना रिटर्नच्या, म्हणजे इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या, पाइपातून कॅनमध्ये घेतो, थोडं थोडं. स्क्रीनवर ते खपल्यासारखंच दिसतं. ते पकडायचं तर त्या मशीनचा ताशी खप माहीत हवा, लोड माहीत हवा आणि दोन्ही जुळवून पाहणारा माणूस हवा. तो माणूस पॅकेजमध्ये येत नाही.

नागपूरकरांना सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा हे मी सांगायला नको खरं तर. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. दिवसभर देशभरच्या बातम्यांत आपलं नाव. मग निघालं की सेन्सर चुकला होता. त्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळे त्या आकड्यावर हसले आणि मग वळून आपल्या स्क्रीनवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून बिलं बनवायला बसले.

उभ्या मशीनच्या बॅटरीबद्दल थोडं. आमचा डबा जागा असताना ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर. मशीन यार्डात दोन महिने उभी राहिली तर १०० एएचच्या बॅटरीतले साठएक गेले, वर बॅटरीचं स्वतःचं झिरपणं वेगळं. गिऱ्हाइकाला पाठवायच्या दिवशी सेल्फ टक-टक करतो आणि सगळे माझ्याकडं बघतात. डब्यात स्लीप मोड आहे, त्यात ५ मिलिअँपिअरच घेतो, पण तो कारखान्यातून बंद येतो. चालू करून घ्या. मग यार्डातली मशीन तासाला एकदा 'मी इथंच आहे' म्हणते, तेवढं पुरे.

नेटवर्क. शहरात, मिहानला, बुटीबोरीला काही प्रश्न नाही. उमरेडकडच्या उघड्या कोळसा खाणीत मशीन खाली उतरली की रेंज जाते. डबा डेटा साठवून ठेवतो आणि मशीन वर आली की सगळा ओततो, हे काम तो चोख करतो. समृद्धी महामार्गावरून ट्रेलरवर मशीन नेताना मध्येच ठिपका थांबतो आणि वीस किलोमीटर पुढं उगवतो. शेठला दर वेळी वाटतं मशीन पळवली.

अॅपबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. हळू आहे, मराठी नाही, आणि सुरुवातीचे दोन महिने सगळ्या वेळा साडेपाच तास मागं दाखवत होतं, कारण सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर होता आणि रिपोर्टमध्ये कोणी बदललाच नव्हता. सकाळी साडेआठला सुरू झालेली मशीन रिपोर्टात पहाटे तीनला सुरू. एका गिऱ्हाइकाला आम्ही 'तुम्ही रात्री चोरून काम करता' असं पत्र पाठवून बसलो. परत माफी. या धंद्यात मी इंजिनिअर कमी आणि माफीवाला जास्त झालोय.

हद्द ठरवून देण्याची सोय मात्र कामाची. मिहानसाठी म्हणून नेलेला कॉम्प्रेसर काटोल रोडला दिसला, कारण गिऱ्हाइकानं तो परस्पर दुसऱ्याला भाड्यानं दिला होता. असे तीन प्रकार पकडले. डब्याचे पैसे त्यातच वसूल झाले असं शेठ म्हणतात.

एका गोष्टीवर मी शेठशी भांडलोय, ती इथंही सांगतो. डब्यात एक रिले आउटपुट आहे. फोनवरून बटण दाबलं की मशीन बंद. पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाची मशीन ऑफिसात बसून बंद पाडायची, ही कल्पना प्रत्येक मालकाला फार गोड लागते. मी हा रिले चालू इंजिन बंद होईल असा कधीच जोडत नाही. हायड्राच्या हुकाला दोन टनांचा गर्डर लटकतोय, खाली माणसं उभी आहेत, आणि ऑफिसात कोणी तरी रागात बटण दाबतंय, हे डोळ्यांसमोर आणा. रिले फक्त स्टार्टरच्या वायरीत टाकतो. चालू आहे तोवर चालेल, एकदा बंद केली की पुन्हा सुरू होणार नाही. ज्याला याहून जास्त हवं असेल त्यानं दुसरा माणूस बघावा. क्रेन आणि बूम लिफ्टवर मी तेवढंही लावत नाही.

सर्व्हिसचं सांगतो आणि थांबतो. हेल्पलाइन दिल्लीला लागते. तिकीट मिळतं, नंबर मिळतो, "सर, आमच्याकडं डिव्हाइस ऑनलाइन दिसतंय" हे उत्तर मिळतं. ऑनलाइन असणं आणि खरं बोलणं यात फरक आहे, हे मी त्यांना हिंदीत, मराठीत आणि एकदा चिडून नागपुरीत सांगून पाहिलं. बदली डबा मात्र आठ दिवसांत येतो, त्याचं श्रेय द्यायला हवं. बोर्डावर राळ ओतलेली असल्यामुळं दुरुस्ती होत नाही. मी, ज्यानं आयुष्यभर फोन उघडून जिवंत केले, तो ही राळ बघतो आणि गप्प बसतो.

सोबत येणारा वायरिंगचा गुच्छ फेकून द्या. वायर पातळ आहे आणि कनेक्टर घरातल्या खेळण्यासारखा. मी डॉइच कंपनीचे कनेक्टर, वायरीच्या टोकाला चांगले थिंबल आणि तापवून आवळणारी हीटश्रिंक नळी वापरतो, एका मशीनमागं तीन-चारशे जास्त जातात. काळी टेप वापरू नका, मे महिन्यात तिचा डिंक होतो. माझ्याकडं परत आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त डब्याच्या नव्हत्या, जोडाच्या होत्या, आणि त्यातल्या काही जोड माझ्याच हातचे.

तर डबा पाचपैकी चार, बॅटरीचा प्रकार विचारून घेतलात तर. वायरिंग एक. अॅप दोन. दांडा शून्य. एकच जुना जेसीबी असेल आणि तो स्वतःच चालवत असाल तर यातलं काहीच घेऊ नका, वही पुरे. पाच-सहा मशिनी चार गावांत पांगल्या असतील तर घ्या, पण बसवणारा माणूस आल्टरनेटरपर्यंत हात घालतो का ते आधी बघा. चावीची वायर जोडून अर्ध्या तासात निघून जाणारे भरपूर आहेत.

या महिन्यात आम्ही आणखी बारा मागवले. दांडे नकोत म्हणून कळवलं. उत्तर आलं, दांडा पॅकेजमध्येच आहे, काढला तरी किंमत तीच. मग आले बारा दांडे. यार्डाच्या भिंतीशी आमच्या वॉचमन काकांनी दोडक्याचा वेल लावलाय, त्याच्या मांडवाला त्यांनी आठ वापरले. उरलेले चार वाकवून त्यांनी गेटाजवळ कपडे वाळत घालायची दोरी बांधली.